‘तीन वर्षांपर्यंत’ म्हणजे नेमकी किती?

भारतीय न्याय संहितेच्या ३०३व्या कलमानुसार साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. यातील सारा पेच ‘पर्यंत’ या शब्दात आहे. समजा, म्हापशाच्या न्यायालयाने एका चोरीला सहा महिने दिले आणि मडगावच्या न्यायालयाने तशाच दुसऱ्या चोरीला दोन वर्षे दिली, तर दोन्ही निकाल कायद्यात चपखल बसतात. असा फरक किती वेळा पडतो आणि कशामुळे पडतो, हे विचारले तर मात्र उत्तर मिळत नाही. कारण शिक्षांची तशी सलग नोंद आपल्याकडे ठेवलीच जात नाही. अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील मिनेसोटा राज्य ती चाळीसहून अधिक वर्षे ठेवत आले आहे.

अमेरिकेत फौजदारी कायदा मुख्यत्वे राज्यांच्या हाती असतो. मिनेसोटात १९८० पूर्वी न्यायाधीश कमाल मुदत सांगत आणि कैदी प्रत्यक्षात केव्हा सुटणार, हे पॅरोल मंडळ ठरवी. या अनिश्चिततेवर तोडगा म्हणून विधिमंडळाने १९७८ साली शिक्षाविषयक आयोग स्थापन केला. आयोगाने सर्वप्रथम जुन्या निकालांचे दप्तर उघडले आणि न्यायाधीश प्रत्यक्षात काय करतात ते मोजले. निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. तुरुंगात कोण जाणार, हे गुन्ह्याच्या गांभीर्यापेक्षा आरोपीच्या पूर्वेतिहासावर अधिक ठरत होते. वारंवार चोऱ्या करणारा आत जाई, तर पहिल्यांदाच कुणाला जबर मारहाण करणारा पुष्कळदा देखरेखीखाली बाहेर राही.

येथे आयोगापुढे खरा प्रश्न उभा राहिला. आहे तीच सरासरी काढून तिलाच नियम म्हणणे सोपे होते. आयोगाने तसे केले नाही. माणसाच्या देहाला इजा करणाऱ्या गुन्ह्यांना अधिक वजन द्यायचे, असे त्याने जाणीवपूर्वक ठरवले आणि १ मे १९८० पासून एक कोष्टक लागू झाले. उभ्या रांगेत गुन्ह्याचे गांभीर्य, आडव्या रांगेत पूर्वेतिहासाचे गुण; दोन्ही जेथे मिळतात त्या चौकटीत शिक्षेचे महिने. न्यायाधीशाला चौकटीबाहेर जाता येते, पण सबळ कारणे नोंदवावी लागतात आणि त्यावर दोन्ही पक्षांना अपील करता येते. आरोपीला नोकरी आहे की नाही, तो शिकलेला आहे की अडाणी, विवाहित की अविवाहित, ही कारणे चालत नाहीत. (आपल्या निकालपत्रांत ‘कुटुंबातील एकमेव कमावता’ हे शब्द किती वेळा येतात, हे आठवून पाहावे.)

आणखी एक पथ्य होते. कोष्टकातील प्रत्येक बदलामुळे पुढील काही वर्षांत तुरुंगात किती माणसे होतील, याचे गणित संगणकावर मांडले जाई आणि ती संख्या तुरुंगांच्या क्षमतेच्या ९५ टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असे बंधन आयोगाने स्वतःवर घालून घेतले होते. कडक शिक्षेची मागणी करणाऱ्याला तिची किंमतही आधीच दिसू लागली. पुढे १९८९ साली, गुन्हेगारीविषयीच्या जनक्षोभानंतर, विधिमंडळाने सार्वजनिक सुरक्षितता प्रथम आणि क्षमता नंतर असा क्रम लावून दिला.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे एक साधा तक्ता. प्रत्येक गंभीर खटल्यात शिक्षेपूर्वी तो भरला जातो आणि आयोगाकडे जातो. त्यामुळे पळवाटाही नजरेस पडल्या. चोरीसारख्या गुन्ह्यांत तुरुंग टळू लागताच सरकारी वकिलांनी एकाच आरोपीवर अधिक आरोप सिद्ध करून घेण्यास सुरुवात केली. पूर्वेतिहासाचे गुण वाढले आणि चोर पुन्हा तुरुंगाच्या चौकटीत येऊ लागले. न्यायाधीशाचा स्वेच्छाधिकार आवळला, तेव्हा तो वकिलाच्या मेजावर सरकला!

आकड्यांची ताकद आणि मर्यादा दोन्ही एकाच खटल्यात दिसल्या. मिनेसोटाच्या कायद्यात तीन ग्रॅम क्रॅक बाळगल्यास वीस वर्षांपर्यंत शिक्षा होती. भुकटीच्या स्वरूपातील कोकेन तेवढेच असेल तर पाच वर्षांपर्यंत. अमली पदार्थ मुळात एकच. ‘राज्य विरुद्ध रसेल’ या खटल्यात न्यायालयापुढे १९८८ चे आकडे आले. क्रॅक बाळगल्याचा आरोप झालेल्यांपैकी ९६.६ टक्के कृष्णवर्णीय होते. भुकटी बाळगल्याचा आरोप झालेल्यांत ७९.६ टक्के श्वेतवर्णीय. कायद्यात वर्णाचा उल्लेखही नव्हता. १९९१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरवला. त्यावर विधिमंडळाने काय करावे? क्रॅकची शिक्षा खाली आणण्याऐवजी भुकटीची शिक्षा वर नेली. विषमता दाखवण्याचे काम आकड्यांनी केले. ती कोणत्या दिशेने मिटवायची, ही निवड लोकप्रतिनिधींची होती. असा परिणाम कायदा होण्याआधीच तपासावा, म्हणून आयोवा राज्याने २००८ साली शिक्षाविषयक विधेयकांसोबत अल्पसंख्याकांवरील परिणामाचे टिपण सक्तीचे केले.

आपल्याकडे २००३ साली न्यायमूर्ती मळीमठ समितीने शिक्षाविषयक मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस केली होती. सर्वोच्च न्यायालयानेही त्यांच्या अभावावर एकाहून अधिक वेळा बोट ठेवले; मे २०२४ मध्ये तर सर्वंकष धोरणाचा विचार करण्यास केंद्राला सांगितले. तुरुंगांची वार्षिक आकडेवारी प्रसिद्ध होते, पण ती आत असलेल्यांची शिरगणती असते. त्यांतही देशभरात सुमारे तीन-चतुर्थांश कैदी कच्चे, म्हणजे ज्यांच्या शिक्षेचा प्रश्न अद्याप आलेलाच नाही असे. त्यामुळे आपल्याकडील तक्ता जामिनापासूनच सुरू करावा लागेल.

तो सुरू करण्यास संधी चांगली आहे. १ जुलै २०२४ पासून समाजसेवा ही नवी शिक्षा आली आहे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला, तर तीच शिक्षा होते. ती गोव्यात कोणत्या न्यायालयाने किती जणांना दिली, किती तासांची दिली, त्यांतील किती जण पुन्हा चोरीत सापडले, हे पहिल्या खटल्यापासून टिपून ठेवायला एक पानाचा तक्ता पुरेल.