मसाई माराचं गवत अन् आपलं गायरान

मी लग्नाचे फोटो काढणारा माणूस. लग्नसराई संपली की कॅमेरा घेऊन बारामती-इंदापूरकडच्या माळावर हिंडायचं, हे माझं वेड. चार वर्षं पैसे साठवले आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये आफ्रिकेतल्या केनियाला जाऊन आलो. सिंह पाहिले, चित्ता पाहिला. पण तुम्हाला सांगण्याजोगं काय पाहिलं म्हणाल, तर गवत!

तिथल्या मसाई मारा अभयारण्यात नजर पोचेल तिथवर गवतच. जुलै ते ऑक्टोबर या दिवसांत शेजारच्या टांझानियातून विल्डबीस्ट नावाची जनावरं लाखांनी नदी उतरून येतात, ती या चाऱ्यापायी. त्यांच्यामागे सिंह, आणि सिंहामागे आमच्यासारखे पैसे मोजणारे. झाडं थोडी, पण तिथं कुणी त्या रानाला ओसाड म्हणत नाही.

आमचा गाडीवान मसाई, गुरंवाल्या घरातला. त्याला आपल्याकडच्या चिंकाऱ्याचे फोटो दाखवले. त्यानं आधी विचारलं, "हे गवत कुणाचं?" मी म्हणालो, सरकारी कागदावर ते पडीक आहे. 'पडीक' म्हणजे काय, हे मला त्याला काही केल्या समजावता आलं नाही.

परत आलो, तर ज्या गायरानात मी वर्षानुवर्षं जातो तिथं जेसीबीनं खड्ड्यांच्या रांगा पाडलेल्या. गावाचं नाव घेत नाही. हेतू वाईट नव्हताच. वरून झाडांचं उद्दिष्ट आलं, मोकळी जागा हीच दिसली. वीतभर माती, खाली मुरूम. निम्मी रोपं पहिल्याच उन्हाळ्यात गेली. गिरिपुष्प तेवढं जगलं, त्याच्या सावलीत पवन्या आणि मारवेल विरळ झालं. धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो, तो तिथून हलला. मेंढरं दुसऱ्याच्या बांधावर जाऊ लागली आणि भांडणं सुरू झाली, ती वेगळीच.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी भाऊसाहेब, झाडं जरूर लावा. रस्त्याकडेला, शाळेभोवती, ओढ्याकाठी, बांधावर लावा. पण माळावर खड्डा घेण्याआधी एकदा सप्टेंबर-ऑक्टोबरात, गवत फुलोऱ्यात असताना, तिथं चालून या. सोबत गावातला मेंढपाळ घ्या. कुठं कोणतं गवत, लांडग्याची वाट कुठली, हे त्याला जितकं ठाऊक तितकं मलाही नाही. गवत कापायचंच तर बी झडल्यावर कापा.

सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य पाहिलंय? १९९७ साली झालं. जेमतेम पाच चौरस किलोमीटर, पण चिंकारा हमखास दिसतो. केनियाच्या तिकिटाला मी किती घातले ते घरी अजून सांगितलेलं नाही. इथं एसटीनं जाता येतं. सकाळी लवकर पोचा आणि मोटारसायकल नेलीत तर ती रस्त्यावरच लावा, आत घालू नका.