अधिवास एक, जीवनचक्रे दोन : नीलकुरिंजी आणि नीलगिरी ताहर

केरळमधील मुन्नारनजीकच्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात, शोला वनांलगतच्या गवताळ माथ्यांवर नीलकुरिंजी हे झुडूप आणि नीलगिरी ताहर हा रानशेळीसारखा प्राणी एकत्र नांदतात. अधिवास एक असला तरी दोघांच्या संवर्धनाची मोजपट्टी एक असू शकत नाही.

वर्गीकरणात दोघांचेही स्थान बदलले आहे. अडुळशाच्या कुळातील कुरिंजी पूर्वी ‘फ्लेबोफायलम’ प्रजातीत गणली जाई. आज ती ‘स्ट्रोबिलँथिस’ प्रजातीत, म्हणजे सह्याद्रीतील कारवीच्या भावकीत आहे. ताहरला दीर्घकाळ हिमालयीन ताहरचा सगोत्र मानले गेले. २००५ मधील जनुकीय अभ्यासाने तो मेंढ्यांच्या अधिक जवळचा असल्याचे दाखवले आणि ‘नीलगिरीट्रॅगस’ ही स्वतंत्र प्रजाती अस्तित्वात आली. तीत ही एकच जाती आहे. ती लोपली तर संपूर्ण प्रजातीच लोपेल.

वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत ताहर आहे. कुरिंजीला २०२२ च्या दुरुस्तीनंतर तिसऱ्या अनुसूचीत स्थान मिळाले. मात्र खरा फरक जीवनचक्राचा आहे. ताहरची नियमित गणना होते, विणीच्या काळात उद्यान पर्यटकांसाठी बंद राहते. त्यामुळे घट लवकर लक्षात येते. कुरिंजी बारा वर्षांतून एकदाच सामूहिक बहरते, बी धरते आणि मरते. २००६ व २०१८ नंतरचा बहर २०३० मध्ये अपेक्षित आहे. मधल्या काळात झालेली हानी बहराच्या वर्षीच उघड होते.

कुरिंजीच्या परागीभवनात सातेरी मधमाशीचा मोठा वाटा आहे. परंतु मधली अकरा वर्षे या माशीला अन्य फुलोऱ्यावरच जगावे लागते. म्हणून केवळ झुडपांभोवती कुंपण घालून भागत नाही. शोला वन आणि कुरण दोन्ही टिकले पाहिजेत. चहामळे आणि वॅटल, निलगिरी यांसारख्या परदेशी वृक्षांच्या लागवडीने हेच कुरण आक्रसले. त्यात ताहरचा चाराही गेला आणि कुरिंजीची जागाही.

हाच धडा कारवीला लागू पडतो. ती साधारणतः आठ वर्षांनी फुलते. कुडासाठी कारवी तोडणाऱ्यांनी बहराच्या हंगामात बी गळेपर्यंत थांबावे. उतारावर वणवा लागू देऊ नये. लगतच्या शेतात मधमाश्यांच्या वावराच्या वेळी कीटकनाशक फवारू नये. विस्तार कार्यकर्त्यांनी गावनिहाय बहराचे वर्ष नोंदवून ठेवावे. ही नोंद पुढील बहराच्या वेळी अमूल्य ठरेल.