बॅटरीपासून दीड फूट

वरातीच्या पुढे चाललेल्या गाडीच्या डॅशबोर्डखालून धूर यायला लागला, तेव्हा नाचणाऱ्यांपैकी कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. वर्ध्यात आर्वी नाक्याच्या अलीकडची गोष्ट, एप्रिलमधली संध्याकाळ. लोक थांबले ते गाणं बंद पडलं म्हणून. ड्रायव्हर दार उघडून बाहेर उडी मारून उभा राहिला, कोणीतरी पाण्याची बाटली ओतायला निघालं, आणि तेवढ्यात वऱ्हाडातला एक सडपातळ माणूस पुढे आला. त्यानं बॉनेट उचललं, खिशातून दहा-अकराचा पाना काढला आणि बॅटरीचं काळं टर्मिनल सैल करून बाजूला केलं. धूर हळूहळू बसला. लग्नाला येताना खिशात पाना कोण आणतं, म्हणून मी त्याला गाठलं. "सीझन आहे ताई," तो म्हणाला. "बॅटरी काढाले कोणी ना कोणी बोलावतेच."

हा माणूस नागपूर रोडवर गाड्यांना म्युझिक सिस्टिम बसवून देतो. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, तिच्यापुढे दोन गाड्यांपुरती जागा आणि वर हिरवी जाळी. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. शेडमध्ये काउंटरच्या वर खिळ्याला हातभर लांबीची जळकी वायर टांगलेली आहे. वरचं लाल आवरण फुगून, वितळून, काळ्या थेंबांसारखं गोठलेलं, आणि आतले तंतू एकमेकांना चिकटून ठिसूळ झालेले. नाक जवळ नेलं तर अजून वास येतो. तो साध्या जळक्या प्लास्टिकचा नाही. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो, ओल्या घशात त्याचं आम्ल होतं. म्हणून तो वास नाकापेक्षा घशाला आधी कळतो. आर्वी नाक्यावर तोच वास होता. घरी आल्यावर ओढणीला तो रात्रभर राहिला.

ती वायर कोणाच्या गाडीतली, हे मिस्त्री सांगत नाही. "गाडी गेली, माणसं वाचली," एवढंच म्हणतो. नवं गिऱ्हाईक वायरीच्या किमतीवर घासाघीस करायला लागलं की तो काही न बोलता नुसता तिकडे बघतो. गिऱ्हाईकही बघतं. मग बहुतेक वेळा घासाघीस पुन्हा सुरू होते.

काम बाहेरून बघायला सोपं वाटतं. सीट काढायच्या, दाराच्या पट्टीखालचं प्लास्टिक क्लिपा न मोडता उचलायचं, बॅटरीपासून डिक्कीतल्या अ‍ॅम्पपर्यंत एक जाड वायर ओढायची, अर्थिंगसाठी बॉडीचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढायचा, सगळं परत बसवायचं. अर्धा दिवस. पण ज्या माणसाच्या घरात मिक्सर आणि इस्त्री आहे, त्याला इथली वीज कळत नाही, कारण इथे हिशेब उलटा आहे. घरातली हजार वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर चार-साडेचार अँपिअर घेते. गाडीत व्होल्ट बाराच, इंजिन चालू असलं तर चौदाच्या आसपास. तिथे हजार वॉटचा आवाज काढायचा तर, अ‍ॅम्पमध्ये वाया जाणारी वीज धरून, नव्वद अँपिअरच्या घरात करंट लागतो. घरभराच्या वायरिंगमधून एका वेळी जात नाही तेवढा करंट सीटखालच्या एका वायरीतून जातो.

आणि बारा व्होल्टचा शॉक लागत नाही. बॅटरीला हात लावला तरी काही होत नाही, म्हणून लोकांना ती गरीब वाटते. पण उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. मिस्त्रीला वर्ग-बिर्ग सांगायचा नव्हता. त्यानं वायरीच्या टोकावर सैल दाबलेलं थिंबल दाखवलं. असा जोड ओमचा शंभरावा भाग जरी अडथळा करत असेल, तर शंभर अँपिअरला त्या एका टोकावर शंभर वॉट उष्णता निघते. हे गणित मी वहीच्या मागच्या पानावर केलं. कार्पेटखाली, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, गाणं चालू असेपर्यंत शंभर वॉट. गाण्यात करंट सतत तेवढा नसतो, हे खरं. पण हल्लीची बास वाढवलेली, सलग धडधडणारी गाणी वायरीला श्वास घेऊ देत नाहीत.

"दीड फूट," मिस्त्री म्हणाला. हा आकडा त्याच्या तोंडी इतक्यांदा येतो की त्याच्याकडे काम शिकणारा पोरगा त्याच्या मागे चिडवल्यासारखा पुटपुटतो. बॅटरीच्या लाल टर्मिनलपासून दीड फुटाच्या आत फ्यूज लागला पाहिजे. जमलं तर त्याहूनही जवळ. कितीतरी गाड्या त्याच्याकडे अशा येतात की फ्यूज आहे, चांगला सोन्याच्या मुलाम्याचा आहे, पण डिक्कीत, अ‍ॅम्पला खेटून.

मी विचारलं, फ्यूज अ‍ॅम्प वाचवायलाच ना?

"अ‍ॅम्पचा फ्यूज अ‍ॅम्पमंधी रायते. हा वायरीसाठी आहे ताई." मग त्यानं मला खाली बसवून पेडलच्या वरचा पत्रा दाखवला. इंजिनाकडून वायर आत येते ती या पत्र्याच्या भोकातून. भोकाची कड धारदार. तिथे रबराचा ग्रोमेट बसवला नाही, तर प्रत्येक खड्ड्यागणिक ती कड आवरण कापत राहते. सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षं. एक दिवस तांबं पत्र्याला टेकतं. पत्रा म्हणजे बॅटरीचं दुसरं टोक. आता फ्यूज डिक्कीत असेल तर तो निवांत आहे, कारण त्याच्यातून काहीच जात नाही. बॅटरी आणि पत्रा यांच्यामध्ये अडवणारं कोणी नाही, आणि लहान गाडीची पस्तीस अँपिअर-अवरची बॅटरीसुद्धा अशा वेळी शेकडो अँपिअर ओकते. सगळी वायरच तापून लाल होते. फ्यूज दीड फुटात असता तर क्षणात उडाला असता.

कंपनीनं स्टार्टरच्या वायरीला तरी कुठे फ्यूज दिलाय, असा वाद काही शहाणी गिऱ्हाइकं घालतात. मुद्दा बिनबुडाचा नाही. बऱ्याच गाड्यांत तसा फ्यूज नसतो. पण ती वायर आखूड असते, स्लीव्हमध्ये असते, क्लॅम्पनं बांधलेली असते आणि पत्र्याच्या भोकातून माणसांच्या पायाशी येत नाही.

दुपारी देवळीकडून एक मुलगा जुनी हॅचबॅक घेऊन आला. अ‍ॅम्प आणि वायरिंग किट त्यानं ऑनलाइन आधीच मागवलं होतं, फक्त फिटिंग पाहिजे होतं. अ‍ॅम्पच्या डब्यावर केशरी अक्षरांत ४००० वॉट. मिस्त्रीनं डबा बाजूला ठेवला आणि अ‍ॅम्पच्या मागची बाजू पाहिली. तीस-तीसचे दोन फ्यूज. म्हणजे साठ अँपिअर; गुणिले चौदा व्होल्ट, साडेआठशे वॉटच्या आत. एवढीच वीज आत जाणार, बाहेर त्याहून कमी येणार. चार हजार कुठून येतील? मुलाला हे आवडलं नाही. मला मात्र फार आवडलं: जाहिरात डब्यावर आणि कबुलीजबाब मागच्या बाजूला, तोही कंपनीनंच छापलेला.

मग वायर. आवरणावर '४ गेज' छापलेलं, करंगळीपेक्षा जाड. मिस्त्रीनं टोक सोलून एक तंतू ब्लेडनं खरवडला. वरून तांबूस, आतून पांढरा. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता पापुद्रा. बाजारात हिला सीसीए म्हणतात. तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा ती तिसरा हिस्सा तरी कमी वीज वाहते, आणि टोक दाबून बसवलं तरी अ‍ॅल्युमिनियम कालांतरानं दबतं, जोड सैल होतो. त्यातही ही वायर स्वेटरवर स्वेटर घालून आलेल्या किडकिडीत माणसासारखी होती. सोलल्यावर आत निम्मंही काही नव्हतं.

"तांब्याची टाक," मिस्त्री म्हणाला.

"किती?"

आकडा ऐकून मुलगा हसला. तिप्पट होता. सबवूफरवर वीस हजार घालणारा माणूस वायरीवर दोन हजार वाचवतो, हे मी त्या शेडमध्ये सारखं पाहिलं, आणि दर वेळी मला राग आला. वायर दिसत नाही, वाजत नाही, मित्रांना दाखवता येत नाही.

इथे मिस्त्री काम नाकारेल असं मला वाटलं. त्यानं नाकारलं नाही. "मी नाई म्हटलं तं समोरचा करते, अन् तो ग्रोमेट नाई टाकत," हे त्याचं गणित. त्यानं तीच हलकी वायर टाकली. पण ग्रोमेट लावला, इंजिनाजवळ पूर्ण लांबी स्लीव्हमध्ये घातली, एक्झॉस्टपासून लांब वळवली, आणि किटमधला शंभर अँपिअरचा फ्यूज काढून दीड फुटाच्या आत साठचा लावला. वायर बारीक तर फ्यूज लहान. पद्धत बरोबरच आहे, तरी मला ते पुरतं पटलेलं नाही. उन्हाळ्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसला टेकतो, उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत साठच्या वर जातो, आणि साधं पीव्हीसी सत्तर अंशांपर्यंतच्या कामासाठी असतं. वायर करंटनं तापायच्या आधीच तिची निम्म्याहून जास्त वाट झालेली असते.

लोकांना आगीची भीती नसते असं नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसं गेली. वर्ध्यातून चढलेले प्रवासी त्यांत होते. त्या आगीचा वायरिंगशी संबंध नव्हता, पण त्यानंतर काही महिने मिस्त्रीकडे लोक काच फोडायचा हातोडा आणि किलोभराचा पावडरचा सिलिंडर मागायला यायचे. सिलिंडर तो अजून ठेवतो. विकला जात नाही. सरकारचं लक्ष आवाजावर आहे: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरलेले आहेत, पोलिस मीटर घेऊन फिरतात, सणासुदीला गाड्या जप्त होतात. डिक्कीतल्या वायरीची जाडी मात्र कोणी बघत नाही. विम्याचंही तसंच. बाहेरून बसवलेली इलेक्ट्रिकल वस्तू पॉलिसीत वेगळी लिहून घ्यावी लागते; मोटर टॅरिफमध्ये त्यासाठी आयएमटी २४ नावाचं कलम आहे आणि तिच्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता. देवळीच्या मुलाला मी हे सांगितलं, तेव्हा त्यानं माझ्याकडे एजंट असल्यासारखं पाहिलं.

गाणं लावून झालं. शेडचा पत्रा थरथरला, समोरच्या रसवंतीवाल्यानं मान वळवली, मुलगा पहिल्यांदा मनापासून हसला. मिस्त्री तेवढा वेळ बॉनेटखाली होता. फ्यूजच्या डबीवर बोटं ठेवून, डोळे मिटून. आवाज त्यानं ऐकलाच नसावा. दहा मिनिटांनी डिक्कीकडे जाऊन अर्थिंगच्या बोल्टवर तीच बोटं टेकवली. "कोमट," म्हणाला. कोमट चालतं. गरम चालत नाही. क्लॅम्प मीटर त्याच्याकडे आहे, पण शेवटचा निकाल बोटांचाच.

पैसे देताना मुलानं जादा फ्यूज मागितले. मिस्त्रीनं साठचे दोन दिले.

"शंभरचे द्या ना भाऊ. किटमंधी शंभरचाच होता."

"शंभरचा पायजे तं वायर बदल."

मुलानं साठचे दोन्ही खिशात टाकले, गाडी काढली, वळवली आणि रस्त्यापलीकडच्या दुकानापुढे नेऊन उभी केली. मी मिस्त्रीकडे पाहिलं.

"येते परत," तो हात पुसत म्हणाला. "समोरच्याकडे उद्या सुट्टी आहे." आणि त्यानं पुढच्या गाडीवाल्याला डिक्की उघडायला सांगितली.