हलणारी बुबुळे आणि वळलेली मान

डोळ्यांची बुबुळे आपोआप, सतत, बहुतेकदा डावी-उजवीकडे हलत राहतात, त्या अवस्थेला डॉक्टर निस्टॅगमस म्हणतात. जन्मजात प्रकार बहुधा बाळ २ ते ६ महिन्यांचे असताना घरच्यांच्या लक्षात येतो. बाळाला जगही हलतानाच दिसत असेल, असे पाहणाऱ्याला वाटते. तसे नसते, मेंदू जुळवून घेतो. नजर मात्र बहुधा अधू असते. कधी मुळाशी मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचा दोष निघतो, म्हणून नुसती दृष्ट काढून स्वस्थ बसणे महागात पडते.

निस्टॅगमस असलेले दीड-दोन वर्षांचे मूल चित्र पाहताना मान एका बाजूला वळवते. त्या कोनात बुबुळे सर्वांत कमी हलतात. ‘मान सरळ कर’ असा धोशा लावणे म्हणजे त्याची सोय काढून घेणे. चष्म्याने हालचाल थांबत नाही, पण नंबर असल्यास दिसणे सुधारते.

बीड जिल्ह्यात तपासणीची अडचण वेगळीच. दिवाळीच्या आसपास ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. हंगामात आले, तर मूल उसाच्या फडाजवळच्या कोपीत (झोपडीत) असते. त्यामुळे निघण्यापूर्वीच बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय गाठावे आणि केसपेपर सोबत न्यावा. हालचाल पहिल्या वाढदिवसानंतर अचानक सुरू झाली किंवा एकाच डोळ्यात दिसली, तर पट्टा पडण्याची, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपण्याची, वाट पाहू नये. मेंदूची तपासणी लागू शकते.