समीक्षकांचा कौल आणि मराठी चित्रपट

मावळातील तळेगाव दाभाडे येथे दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या गो. नी. दांडेकर यांच्या ‘जैत रे जैत’ या कादंबरीवर डॉ. जब्बार पटेल यांनी १९७७ मध्ये चित्रपट केला. ठाकर समाजाचे जीवन मांडणाऱ्या या कलाकृतीला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

असे पुरस्कार शासननियुक्त परीक्षक मंडळ ठरविते. समीक्षकांच्या पुरस्काराचा निर्णय मात्र त्यांची संघटनाच घेते. तेथे तिकीटविक्रीपेक्षा कलागुणांना महत्त्व असते. १९३० मध्ये स्थापन झालेला चित्रपट समीक्षकांचा आंतरराष्ट्रीय महासंघ विविध महोत्सवांत आपले परीक्षक नेमतो. २०२० मध्ये व्हेनिस येथे चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटास या महासंघाचा पुरस्कार मिळाला.

जाहिरातीचे बळ नसलेल्या चित्रपटाकडे असा कौल जाणकारांचे लक्ष वेधतो. तथापि, गौरविलेला चित्रपट गावापर्यंत पोहोचलाच नाही, तर त्या गौरवाचे प्रयोजन अपुरे राहते. शाळा वा ग्रामपंचायतीने रीतसर परवानगी घेऊन असा चित्रपट दाखविला व त्यावर चर्चा घडविली, तर ज्यांचे जीवन पडद्यावर आले, त्यांनाही आपला कौल देता येईल.