खडकात कोंडलेला वायू किती काळ टिकेल?

कारखान्याच्या धुरांड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडण्याऐवजी भूगर्भात खोलवर साठवावा, असे म्हटले की पहिली शंका उमटते ती ही : तो तेथे राहील का? हा साठा शेकडो वर्षे टिकायला हवा. मध्येच निसटला तर सारा खटाटोप व्यर्थ.

निसर्गाचा दाखला आश्वासक आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात ब्राव्हो डोम येथे ज्वालामुखीजन्य कार्बन डायऑक्साइड दहा लाखांहून अधिक वर्षे खडकात अडकून आहे. मानवाचा अनुभव त्या मानाने तोकडा. उत्तर समुद्रातील नॉर्वेच्या स्लाइप्नर वायुक्षेत्रात १९९६ पासून हा वायू समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात सोडला जातो. वर शेल खडकाचा अभेद्य थर झाकणासारखा पसरलेला आहे.

मात्र सारी भिस्त या झाकणावर नसते. वायूचा काही अंश खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकून पडतो. काही अंश तेथील खाऱ्या पाण्यात विरघळतो. असे पाणी किंचित जड होऊन वर येण्याऐवजी खाली बसते. म्हणजे धोका मोठा असतो तो आरंभीच्या काळात. पुढे तो ओसरत जातो. अखेरची पायरी खनिजीकरणाची, वायूचा दगड होण्याची. वालुकाश्मात तिला हजारो वर्षे लागू शकतात.

बसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या परिचयाच्या काळ्या पाषाणात, हेच काम विलक्षण वेगाने होते. आइसलँडमधील ‘कार्बफिक्स’ प्रकल्पात २०१२ साली हा वायू सोड्याप्रमाणे पाण्यात विरघळवून बसाल्टमध्ये सोडण्यात आला. त्या आम्लधर्मी पाण्याने खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटे केले आणि त्यांच्याशी संयोग होऊन वायूची कार्बोनेट खनिजे बनली. दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून अधिक वायू असा दगडात रूपांतरित झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. निरीक्षण विहिरीतील पंपच कॅल्साइटने लिंपून बंद पडला, हा त्याचा अगदी ढोबळ पुरावा! दगड झालेला वायू तडा गेला तरी उडून जात नाही.

सर्वत्र इतके सुरळीत घडलेले नाही. अल्जीरियातील इन सालाह येथे दाबामुळे भूपृष्ठ काही मिलिमीटर उचलले गेले, एका जुन्या विहिरीतून गळतीही आढळली. २०११ मध्ये तेथील साठवण थांबवण्यात आली. खडकापेक्षा माणसाने पाडलेली जुनी भोकेच अनेकदा अधिक दगा देतात.

महाराष्ट्रापासून माळव्यापर्यंत आणि दक्षिणेस बेळगाव परिसरापर्यंत पसरलेले दख्खनचे पठार याच बसाल्टचे. साहजिकच अभ्यासकांची नजर त्याकडे वळली आहे. पण आइसलँडचा बसाल्ट तरुण आणि सच्छिद्र, तर दख्खनचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या अनेक पोकळ्या झिओलाइट, कॅल्साइट अशा खनिजांनी आधीच भरलेल्या आहेत. शिवाय कार्बफिक्सच्या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागते, आणि पठारावरील कित्येक गावांत उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्या सुरू असतात. समुद्राचे पाणी वापरता येईल काय, यावर आइसलँडमध्ये प्रयोग सुरू आहेत.