बौद्ध देशांची सहल : काय पाहावे, काय विचारावे

पूर्वी आपल्या समाजात सहल म्हटली की दीक्षाभूमी, चैत्यभूमी आणि फार तर बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी एवढीच वाट होती. रेल्वेचे आरक्षण, सोबत चपात्या-चटणीचे डबे आणि मुक्काम विहारात. आता थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम, जावा अशा ‘बौद्ध देशांच्या सहली’च्या जाहिराती आपल्या वस्तीतल्या फलकांवर लागू लागल्या आहेत. आणि जाणारे कोण? महापालिकेतून निवृत्त झालेले कामगार, बस कंडक्टर, परिचारिका, शाळेतले शिपाई, माझ्यासारखे कारकून. पैसा प्रॉव्हिडंट फंडाचा, नाही तर भिशीचा. आयुष्यात बहुधा एकदाच होणारा हा खर्च. म्हणून तिथे काय पाहायचे आणि कोणते प्रश्न विचारायचे, हे निघण्यापूर्वीच मनाशी ठरवावे, असे माझे मत आहे. नाही तर गाइड जिकडे बोट दाखवील तिकडे माना वळवून, फोटो काढून आपण परत येतो.

त्या भूमीशी आपले नाते पर्यटकाचे नाही. परमपूज्य बाबासाहेब डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. तिथून मिळालेली बुद्धमूर्ती त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात आपल्या हातांनी बसवली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांना दीक्षा देणारे पूज्य चंद्रमणी महास्थवीर हेही मूळचे ब्रह्मदेशाचेच. आमच्या सहलीत मात्र ब्रह्मदेश नव्हता. १ फेब्रुवारी २०२१ रोजी तिथे लष्कराने सत्ता बळकावली आणि देश यादवीत सापडला. तेव्हा थायलंड, कंबोडिया आणि इंडोनेशियातील जावा अशी आखणी झाली. २०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही २२ जण १३ दिवसांसाठी गेलो. त्यात १२ स्त्रिया होत्या, हे मुद्दाम सांगतो. कारण सहलीतले चांगले प्रश्न त्यांनीच विचारले.

बँकॉकमध्ये पहिले दोन दिवस सोने पाहण्यात गेले. वाट फो विहारातील पहुडलेले बुद्ध ४६ मीटर लांब आहेत आणि त्यांच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ मंगलचिन्हे आहेत. वाट त्रायमित येथील मूर्ती साडेपाच टन सोन्याची. ती कित्येक वर्षे चुन्याच्या लेपाखाली झाकलेली होती. १९५५ साली हलवताना लेप तडकला, तेव्हा आतले सोने दिसले. गाइडने वजन सांगितले, आजच्या भावाने किंमतही सांगितली. मग ‘सरकारमान्य’ म्हणून एका रत्नांच्या दुकानात नेऊन दोन तास बसवले. बंधूंनो, ही दुकाने कार्यक्रमात छापलेली नसतात. पैसे भरण्यापूर्वी कंपनीकडून लेखी घ्यावे की दुकानदर्शन होणार नाही. आमचे दोन तास गेले ते गेलेच, पण एका निवृत्त बंधूंनी नातीसाठी नीलम घेतला. तो नीलम आहे की काच, याचा निकाल अजून लागायचा आहे. असो.

खरे बँकॉक दिसले ते पहाटे, हॉटेलच्या मागच्या गल्लीत. साडेसहाच्या सुमारास भिक्खू अनवाणी पायांनी भिक्षापात्र घेऊन आले. या फेरीला तिकडे बिंताबात म्हणतात. आपला पालीतला पिंडपात शब्दच तो, फक्त तिथल्या जिभेवर वळलेला. नाश्त्याची गाडी लावणारी बाई, टॅक्सीवाला, शाळेच्या गणवेशातली मुलगी, सगळे रस्त्यावरच गुडघ्यांवर बसले, पात्रात भात घातला आणि हात जोडले. भिक्खूंनी आशीर्वादाच्या गाथा म्हटल्या. उच्चार वेगळे, तिथे ‘बुद्धं’चे ‘फुत्थांग’ होते, पण चाल कानाला लागताच आमच्यातल्या तीन-चार जणी नकळत त्यांच्याबरोबर म्हणू लागल्या. गाडीवाल्या बाईने खुणेने विचारले, तुम्ही कुठले? इंडिया म्हटल्यावर तिला आश्चर्य वाटले. भारतात बुद्ध जन्मले हे तिला ठाऊक, पण आज तिथे बौद्ध राहतात हे ठाऊक नव्हते. आमच्या एका आयुष्मतींनी पर्समधला बाबासाहेबांचा छोटा फोटो काढून तिच्या हातात ठेवला. भाषा येत नव्हती, तरी दोघींचे दहा मिनिटे बोलणे चालले होते.

थायलंडमध्ये मुलगा मोठा झाला की काही आठवडे, काही महिने चीवर घेतो आणि मग घरी परततो. आपल्याकडच्या दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिरासारखेच, पण तिथे ही घरोघरची रीत. हे पाहून मन प्रसन्न होते. चिआंग माईला गेल्यावर मात्र त्याची दुसरी बाजू दिसली.

तिथल्या वाट चेडी लुआंग या जुन्या विहाराच्या आवारात नगरस्तंभाचे मंदिर आहे. दारावर पाटी : स्त्रियांना प्रवेश नाही. कारणही दिलेले, मासिक पाळीमुळे जागेचे पावित्र्य बिघडते. आमच्या भगिनी पाटी वाचून थबकल्या. पुरुष मंडळी आत जाऊ लागली तेव्हा एक निवृत्त परिचारिका, वय ६४, पायऱ्यांपाशीच उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, “शिंगणापूरचा चौथरा २०१६ साली कोर्टात जाऊन उघडला. हा बघायला आम्ही पासपोर्ट काढला का?” गाइड गडबडला. हा स्तंभ बुद्धाचा नाही, नगराच्या रक्षक देवतेचा आहे, असे तो म्हणाला. ते खरेही आहे. पण तो विहाराच्याच आवारात आहे, हेही तितकेच खरे. शेवटी आमच्यातले कोणीच आत गेले नाही.

संध्याकाळी जेवताना विषय पुढे गेला. थायलंडमध्ये पुरुष सहज भिक्खू होतो, स्त्रीला भिक्खुणी होता येत नाही. १९२८ साली तिथल्या संघराजांनी आदेश काढला की कोणाही भिक्खूने स्त्रीला दीक्षा देऊ नये. तो आदेश पुढे करून आजही तिथला संघ भिक्खुणींना मान्यता देत नाही. तरी एक बाई उभी राहिली. विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या चत्सुमार्न कबिलसिंग यांनी श्रीलंकेत जाऊन २००३ साली उपसंपदा घेतली. आता त्या भिक्खुणी धम्मनंदा. बँकॉकच्या पश्चिमेला नाखोन पाथोम येथे त्यांचा विहार आहे. आमच्या कार्यक्रमात तो नव्हता, कारण तिथे सोने नाही. महाप्रजापती गौतमींना संघात घेणाऱ्या तथागतांच्या नावाने हे कसे चालते, असा प्रश्न आपल्याला पडलाच पाहिजे. बाबासाहेबांनी १९५१ साली ‘महाबोधी’ मासिकात स्त्रियांच्या उत्थान-पतनावर लेख लिहिला, तेव्हा ग्रंथांतली स्त्रीविरोधी वचने मागाहून भिक्खूंनी घुसडली असावीत, असे साधार मांडले होते. आपल्या भगिनींच्या हाती हे मोजमाप आहे. त्यांनी ते परदेशातही वापरावे.

कंबोडियात अंकोरला गेलो. येथे माझ्यातला कारकून जागा झाला. अंकोर वाट हे मूळचे विष्णूचे मंदिर, बाराव्या शतकात राजा दुसरा सूर्यवर्मन याने बांधलेले. पुढे ते बौद्ध झाले आणि आजही तिथे बुद्धमूर्तीपुढे उदबत्त्या लागतात. ११८१ साली गादीवर आलेला सातवा जयवर्मन हा राजा बौद्ध होता. त्याने ११८६ साली ता प्रोह्म हा विहार आईच्या नावे उभारला. आज तो मोठमोठ्या झाडांच्या मुळांनी वेढलेला आहे. गाइडने कोणत्या झाडापाशी कोणत्या इंग्रजी सिनेमाचे चित्रण झाले ते सांगितले, आणि सगळ्यांनी तिथे रांग लावून फोटो काढले. पण या विहाराचा संस्कृत शिलालेख म्हणजे चक्क हिशेबवही आहे. विहाराच्या सेवेला ३,१४० गावे लावून दिलेली. सेवेकरी माणसे ७९,३६५. खजिन्यात ४०,६२० मोती, रेशमी बिछाने ५१२, छत्र्या ५२३. जमेची बाजू डोळे दिपवणारी आहे. पण ते ७९,३६५ लोक काय खात होते, कुठे झोपत होते, हे त्या वहीत नाही.

याच राजाने राज्यभर १०२ रुग्णालये चालवली. त्यांना तांदूळ पुरवायला ८३८ गावे आणि ८१,६४० स्त्री-पुरुष नेमलेले होते. प्रजेचे दुखणे राजाला स्वतःच्या दुखण्याहून अधिक सलत असे, असा आशय रुग्णालयाच्या लेखात आहे. आठशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट, मान डोलवावी अशीच. मात्र त्याच लेखात म्हटले आहे की चारही वर्णांवर इथे उपचार होतील. मी ते वाचून दाखवले तेव्हा आमच्यातले एक बंधू म्हणाले, “आणि पाचवा?” ते थट्टेत म्हणाले, पण कोणी हसले नाही. चीनचा झोउ दागुआन हा १२९६-९७ साली तिथे राहून गेला. त्याने लिहिले आहे की डोंगरातून धरून आणलेले गुलाम घराच्या जोत्याखाली राहत, कामापुरते वर येत, आणि येताना गुडघे टेकून हात जोडत. जोत्याखालची जागा आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

जवळच बायोन मंदिर आहे. त्याच्या शिखरांवर मंद हसणारे विशाल दगडी चेहरे आहेत. भिंतींवर राजापेक्षा साधी माणसेच अधिक कोरली आहेत : मासे विकणाऱ्या बायका, चुलीवरचे रांधप, कोंबड्यांची झुंज, बाळंतपण. आमच्या भगिनी सर्वांत जास्त वेळ तिथेच रमल्या. या मंदिराच्या मध्यभागी नागाच्या फण्याखाली बसलेले बुद्ध होते. राजाच्या मृत्यूनंतर बुद्धप्रतिमांवर छिन्नी चालली आणि ती मूर्ती फोडून मंदिराखालच्या खड्ड्यात टाकली गेली. १९३३ साली तिचे तुकडे सापडले. ते जोडून मूर्ती पुन्हा उभी केली. आज ती जवळच्याच एका साध्या छपराखाली बसलेली आहे. तिकडे फारसे पर्यटक जात नाहीत. आम्ही गेलो आणि त्रिसरण-पंचशील घेतले. सांध्यांच्या रेघा त्या अंगावर स्पष्ट दिसतात.

नॉम पेन्हमध्ये तुओल स्लेंग पाहिले. ती शाळा होती. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने तिचा तुरुंग केला. त्या चार वर्षांत भिक्खूंची चीवरे उतरवली, विहार कोठारे झाले, लाखो माणसे मेली. पुढे महा घोसानंद या भिक्खूंनी १९९२ पासून युद्धाने पोळलेल्या भागातून पायी धम्मयात्रा काढल्या. आमच्यातल्या काहींना आत जाववेना. त्यांना बाहेर झाडाखाली बसू द्यावे, आग्रह करू नये.

शेवटी जावातील बोरोबुदुर. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी शैलेंद्र राजांच्या काळात बांधलेला हा दगडी डोंगरच म्हणावा. त्यात ५०४ बुद्धमूर्ती आणि माथ्यावर ७२ जाळीदार स्तूप. याच शैलेंद्र वंशातील बालपुत्रदेवाने नालंदेला विहार बांधला होता. आज त्या भागातली बहुतेक वस्ती मुस्लिम आहे आणि स्तूपाची देखभाल तीच करते.

माथ्यावर सगळेच जातात. तुम्ही पायथ्याच्या आग्नेय कोपऱ्यात जरूर जा. तिथे जमिनीलगत आणखी एक चित्रांची रांग आहे, एकूण १६० शिल्पपट. बांधकामाच्या वेळीच ती दगडांनी झाकून टाकली होती, १८८५ साली शोध लागला. आता फक्त एक कोपरा उघडा ठेवला आहे. कर्माप्रमाणे फळ, असा त्या चित्रांचा विषय. काही ठिकाणी पाथरवटासाठी लिहिलेल्या सूचना पुसायच्या राहून गेल्या आहेत. त्यातला एक शब्द आहे ‘विरूप’. म्हणजे इथे कुरूप चेहरे काढ. वाईट कर्म केलेला माणूस पुढच्या जन्मी कुरूप होतो, असा अर्थ. आमच्यात यावर वाद झाला. कला म्हणून ती चित्रे अप्रतिम आहेत, यात शंका नाही. पण दरिद्री माणूस मागच्या जन्मीच्या पापाने दरिद्री, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात साफ नाकारले आहे. असे मानले की समाज आणि सरकार गरिबाच्या जबाबदारीतून सुटतात, हा त्यांचा मुद्दा. बोरोबुदुर घडवणाऱ्या पाथरवटाने तो शब्द वाचून कुणाचा चेहरा कोरला असेल? शेजारी राबणाऱ्याचाच की नाही?

आता जाणाऱ्यांसाठी थोडे. विहारात खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे लागतात, साडी-पंजाबी ड्रेस उत्तम. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नये. स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करू नये, अशी तिथली रीत आहे. थायलंडमधून बुद्धमूर्ती आणायची तर तिथल्या पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो, दुकानदार ते सांगत नाही. अंकोरचे तिकीट आम्ही गेलो तेव्हा एका दिवसाचे ३७ डॉलर, तीन दिवसांचे ६२ डॉलर होते. तीन दिवसांचेच घ्यावे. बोरोबुदुरवर चढायला रोज ठराविक संख्येनेच सोडतात आणि विणलेल्या खास चपला घालाव्या लागतात, म्हणून तिकिटे आधीच काढायला सांगावीत. थायलंड आणि कंबोडिया यांच्यात २०२५ च्या जुलैत आणि पुन्हा डिसेंबरात सीमेवर लढाई झाली. सीमेवरच्या जुन्या शिवमंदिरांच्या आसपासच्या जमिनीवरून दोन बौद्ध देश लढले! तेव्हा बसने सीमा ओलांडण्याचा कार्यक्रम कोणी देत असेल, तर आधी नीट चौकशी करावी. आम्ही विमानाने गेलो होतो.

कंपनी पुढची तुकडी नेणार आहे. रत्नांचे दुकान काढा आणि नाखोन पाथोमचा भिक्खुणी विहार घाला, अशी लेखी मागणी आमच्या १२ भगिनींनी सह्या करून दिली आहे. विहाराला हरकत नाही, दुकानाचे बघू, असे तोंडी उत्तर आले आहे. लेखी उत्तर आल्याशिवाय नावे द्यायची नाहीत, असे त्या परिचारिकाताईंनी सगळ्यांना बजावले आहे.